कोंबडा बदलला तरी मारकेपणा परत येतो: दोष रक्ताचा की वळणाचा?

तिसरा कोंबडाही मारका निघाला तेव्हा मी पहिल्यांदा वही काढली. पहिला अंगावर यायला लागला तेव्हा वाटलं होतं, असतो एखादा तसा. दुसरा त्याचाच मुलगा. तोही मारायला लागल्यावर सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला की रक्तच तसलं. म्हणून तिसरा मुद्दाम बाहेरून आणला. वेगळ्या जातीचा, चार महिन्यांचा, इतका गरीब की तळहातावरचे दाणे टिपायचा. आठवा महिना लागला आणि एका सकाळी पाण्याची भरलेली बादली घेऊन मी वळले, तर मागून पोटरीवर दोन्ही पाय एकदम. बादली सुटली, मी दाराकडे पळाले, आणि तो उभा राहून आरवला.

कोंबडा मारायला लागला की सगळे एकच उपाय सांगतात: बदलून टाका. ज्यांचा प्रश्न त्याने सुटला त्यांनी पुढे वाचायची गरज नाही. ज्यांच्याकडे उपाय चार-सहा महिने टिकतो आणि मग नवा कोंबडाही त्याच वाटेने जातो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

यावर दोन पक्ष असतात आणि दोघांकडे म्हण तयार असते. एक म्हणतो, खाण तशी माती. दुसरा म्हणतो, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. माझं मत आधीच सांगून टाकते. कोंबडा किती लवकर पेटतो, हे बरंचसं जन्मासोबत येतं. पेटल्यावर तो कोणावर जातो, हे बरंचसं तो शिकतो. आणि माणसावर जायला त्याला बहुतेक वेळा माणूसच शिकवतो. त्यामुळे अंगणात आत्ता उभा असलेला कोंबडा आणि पुढच्या वेळी बसवायची अंडी, या दोन्हींना एकच औषध लागू पडत नाही.

आधी खात्री करा

कोंबडा अंगावर आला म्हणजे तो मारका झाला, असं लगेच धरू नका. तुमच्या हातात कोंबडी किंचाळते आहे आणि तो झेपावला, तर तो राखणीचं काम करतो आहे. त्या कामासाठीच त्याला ठेवलेला असतो. कोंबडी सोडल्यावर तो शांत होत असेल तर विषय तिथेच संपतो.

खरा मारका आधी सूचना देतो, फक्त ती आपल्याला वाचता येत नाही. एक पंख खाली पाडून, त्याची टोकं जमिनीला घासत, तो कडेकडेने तुमच्याभोवती फिरतो. हा नाच तो कोंबडीसमोरही करतो आणि दुसऱ्या कोंबड्यासमोरही. तुमच्यासमोर केला म्हणजे त्याने तुम्हाला आपल्या जमातीत मोजलं आहे. मग मान खाली, गळ्याभोवतीची पिसं छत्रीसारखी उघडलेली. मध्येच तो जमिनीवर चोच आपटतो, दाणा टिपल्यासारखी, पण तिथे दाणा नसतो. अंगावर जावं की मागे सरावं या ओढाताणीतून ते येतं. त्यानंतर झेप. सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा, पण एकदा ओळखायला आला की पुन्हा चुकत नाही.

दोन-तीन वर्षं सरळ वागलेला कोंबडा अचानक बिघडला, तर रक्त आणि वळण दोन्ही बाजूला ठेवा आणि त्याचं अंग तपासा. अंधार पडल्यावर जा. कोंबड्यांना अंधुक उजेडात फारसं दिसत नाही, त्यामुळे दिवसा हाताला न लागणारा कोंबडाही रात्री मुकाट उचलू देतो. विष्ठाद्वाराभोवती आणि पंखांखाली पिसांच्या मुळाशी उवा किंवा लाल किडे आहेत का ते बघा, पंजाच्या तळव्याला काळी खपली धरून सूज आली आहे का ते बघा, छातीचं हाड हाताला धारदार लागतंय का ते चाचपा. दुखणाईत जनावर चिडकं होतं, त्याला कोंबडा अपवाद नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या कपड्यांची. १९५३ साली गुल आणि ऑर्टमन या संशोधकांनी काही कोंबड्यांच्या तुऱ्याचं आणि मानेचं रूप बदलून त्यांना त्यांच्याच कळपात परत सोडलं, तर रोजच्या सोबतिणी त्यांना परक्यासारख्या टोचायला धावल्या. कोंबडी ओळखते ती मुख्यतः नजरेने, तीही डोक्या-मानेकडे बघून. माझ्याकडे पहिला कोंबडा पावसाळी टोपी घातली की बिथरायचा आणि काढली की निवळायचा. नवे बूट, रंगीत छत्री, फडफडणारी ओढणी, असं काही नव्याने सुरू झालं असेल तर आठ दिवस ते काढून बघा. फुकटचा प्रयोग आहे.

आठव्या महिन्याचं कोडं

वहीत तिन्ही कोंबड्यांच्या तारखा मांडल्यावर दिसलं की तिघंही सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान बिघडले. मला वाटलं, सापडलं, रक्ताचाच दोष. मग लक्षात आलं की तिसऱ्याचं पहिल्या दोघांशी रक्ताचं नातंच नव्हतं. एकसारखं होतं ते वय.

याचं मूळ १८४९ सालच्या एका प्रयोगात दिसतं. गॉटिंगेन इथल्या आर्नोल्ड बर्टोल्डने सहा तरण्या कोंबड्यांवर शस्त्रक्रिया केल्या. काहींची वृषणं काढून टाकली. ते ना धड आरवले, ना भांडले, तुराही फिकाच राहिला. काहींच्या पोटात एक वृषण मोकळं ठेवलं, कुणाच्या स्वतःचं, कुणाच्या दुसऱ्याचं. ते मात्र रीतसर कोंबडे झाले: आरवले, भांडले, कोंबड्यांमागे लागले. मूळच्या नसा तुटलेल्या असूनही हे घडलं, म्हणजे वृषणातून रक्तात काहीतरी मिसळत होतं. संप्रेरकांच्या शास्त्राची सुरुवात या प्रयोगापासून मोजतात, आणि आपल्या खुराड्यातलं कोडंही त्याच सहा कोंबड्यांपाशी येऊन थांबतं.

चार-पाच महिन्यांनी तुरा लालबुंद होऊ लागतो, पायामागचा काटा गाठीसारखा वर येतो, आरवणं फुटतं. आतून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणातलं संप्रेरक, चढत असतं. त्यात दिवस मोठे होऊ लागले की भर पडते, कारण पक्ष्यांच्या मेंदूला उजेड डोळ्यांखेरीज थेट कवटीतूनही जाणवतो आणि लांबत्या दिवसांत वृषणं वाढतात. दिवस आखडले, पिसं झडायला लागली की तोच कोंबडा नरमतो.

म्हणून "बदलला आणि बरं झालं" हा अनुभव फसवा असतो. आपण नऊ महिन्यांचा तापलेला कोंबडा काढतो आणि चार महिन्यांचं पोर आणतो. ते गरीब असणारच, अजून त्याचा तुरासुद्धा धड लाल झालेला नसतो. चार महिन्यांनी ते वयात येतं आणि आपण पुन्हा कपाळाला हात लावतो. कोंबडा मोसमाच्या शेवटी बदलला असेल तर फसगत दुप्पट, कारण तेव्हा जुनाही आपोआप शांत होणार होता.

पण सगळेच कोंबडे वयात येतात आणि सगळेच माणसावर जात नाहीत. फरक कुठून येतो?

रक्तातून काय येतं

येतं, यात शंका नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत कॅन्ससमध्ये गुल, क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेगहॉर्न जातीच्या पक्ष्यांच्या समोरासमोर झुंजी लावून, जास्त जिंकणाऱ्यांची संतती एका बाजूला आणि हरणाऱ्यांची दुसऱ्या बाजूला वाढवली. चार-पाच पिढ्यांत दोन्ही घराण्यांत उघड फरक पडला. गुण वंशाने उतरत नसता तर निवड करून तो वाढवता-घटवता आला नसता.

माद्यांपुरतं बोलायचं तर याहून ठसठशीत उदाहरण पर्ड्यू विद्यापीठातल्या विल्यम म्यूर यांचं, १९९६ सालचं. अंड्यांवरच्या, चोची न छाटलेल्या कोंबड्या त्यांनी एका पिंजऱ्यात अनेक अशा ठेवल्या आणि पुढच्या पिढीसाठी एकटीदुकटी भरपूर अंडी देणारी कोंबडी न निवडता अख्खा पिंजरा निवडला: ज्यात सगळ्या मिळून जगल्या आणि अंडी दिली, तो. निवडीच्या दुसऱ्या पिढीत वर्षभरात ६८ टक्के मरत होत्या, चौथ्या पिढीत ८.८ टक्के. एकमेकींना टोचून मारणाऱ्या कोंबड्यांची नात-पणती शेजारणींबरोबर नांदायला लागली, तेही कुणी काही न शिकवता.

तरीही "रक्तच तसलं" हे वाक्य अर्धवट आहे, कारण मारकेपणा ही एकच वस्तू नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात सुझॅन मिलमन आणि इयन डंकन यांनी २००० च्या सुमारास झुंजीच्या जातीचे कोंबडे आणि मांसल ब्रॉयलर घराण्याचे कोंबडे ताडून पाहिले. झुंजीवाले दुसऱ्या नरांवर तुटून पडत, पण कोंबड्यांशी नीट वागत. ब्रॉयलरवाले मात्र कोंबड्यांनाच मारत, ओरबाडत. म्हणजे नराशी भांडणं एका दोरीला आणि मादीला मारणं दुसऱ्या दोरीला. असील ही झुंजीची जात पाळणाऱ्यांना हे सांगायला नको. दुसरा कोंबडा दिसला की जीव घ्यायला उठणारा असील मालकाच्या काखेत लहान मुलासारखा बसतो. झुंजवायचा पक्षी हाताळावा लागतो, तेव्हा मालकालाच चावणारा पक्षी पुढच्या पैदाशीत कोण ठेवील?

माणसाची भीती हीसुद्धा वंशाने उतरते. स्वीडनमध्ये लिंशोपिंग इथे पेर जेन्सन यांच्या गटाने लाल रानकोंबड्यांतून फक्त माणसाला कमी भिणारे आणि जास्त भिणारे अशी निवड केली आणि काही पिढ्यांत दोन वेगळी घराणी उभी राहिली. आपल्या कामाची गोष्ट त्यातली ही: न भिणारा म्हणजे प्रेमळ, असा आपण अर्थ लावतो. मला तो धोक्याचा वाटतो. भीती हा लगाम आहे. वयात येईपर्यंत त्या लगामाची गरज दिसत नाही, एवढंच.

पिढीजात असलं तरी एकेका पोराबद्दल भाकीत करता येत नाही, हेही लक्षात ठेवा. या गुणामागे एक जनुक नाही, पुष्कळ आहेत, आणि निम्मे आईकडून येतात. मारक्या बापाच्या सहा मुलांत दोन गायीसारखे निघू शकतात. आणि आपण बापाकडे बोट दाखवतो तेव्हा आई कोण होती हे वहीत लिहिलेलं नसतं. माझ्याकडची एक करडी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, इतर सगळ्यांना टोचून हाकलायची. पुढे तिचीच अंडी मी हौसेने बसवली, कारण अंडी मोठी होती.

वळणातून काय येतं

मारण्याच्या हालचाली कोंबड्याला शिकवाव्या लागत नाहीत. दोन-तीन आठवड्यांची पिलं, जवळपास एकही मोठा पक्षी नसताना, छाती भिडवून उड्या मारतात. पण त्या हालचाली कुणावर वापरायच्या हे संगतीतून ठरतं. डच संशोधक क्रॉइट यांनी १९६४ साली रानकोंबड्यांच्या वाढीवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकेकटे वाढवलेले नर स्वतःच्याच शेपटीवर हल्ला करताना दिसले. शस्त्र तयार होतं, समोर कुणी नव्हतं, म्हणून शेपूट.

उबवणी यंत्रातून निघालेलं, घरात खोक्यात वाढलेलं, हातातून दाणे खाल्लेलं पिलू घ्या. पहिल्या दिवस-दोन दिवसांत जे हलतं-बोलतं ते आपलं, हे त्याच्या मनावर ठसतं. त्याने माणसालाच कळप मानलं तर त्याची चूक नाही. पुढे वयात आल्यावर कळपातली आपली पायरी ठरवायला तो निघतो. थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन माणसाने १९२० च्या आसपास ही चोचीची उतरंड पहिल्यांदा शास्त्रात मांडली: कोण कुणाला टोचतो, कोण कुणापुढून बाजूला होतो. त्या उतरंडीत तुम्ही असाल तर तुमचीही पायरी तपासली जाणार. तळहातावर दाणे टिपणारा माझा तिसरा कोंबडा नेमका या प्रकारचा होता.

तपासणी कशी होते ते वहीत आहे. अकरा दिवसांत नऊ हल्ले. त्यातले सात पाण्याचं भांडं आणि अंडी घालायच्या खोक्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, सगळे सकाळी, सगळे माझ्या हातात बादली असताना. घरातल्या दुसऱ्या माणसावर एकही नाही, कारण तो माणूस बादली घेऊन कधी जात नाही आणि गेला तरी घाबरत नाही. पहिल्या दिवशी बादली सांडून मी पळाले होते. कोंबड्याच्या बाजूने बघा: उडी मारली, मोठा प्राणी पळाला, कोंबड्या जागेवर राहिल्या. दुसऱ्या दिवशी तो तिथे माझी वाट बघत होता. जिंकलेला पक्षी पुढच्या भांडणात जास्त धीट होतो आणि हरलेला जास्त भित्रा, हे कोंबड्यांत नीट सिद्ध झालेलं आहे. मी रोज सकाळी हरत होते आणि त्याला रोज सकाळी तालीम मिळत होती.

उलट चूकही तितकीच महाग पडते. लाथ मारली, काठीने झोडपलं, पोरांनी दगड मारून डिवचलं, तर त्याला आव्हान मिळतं. कोंबडा भांडणात मार खायला तयारच असतो. तुम्ही लाथ मारून मग मागे वळलात, तर त्याच्या हिशेबी एक फेरी झाली आणि समोरचा निघून गेला.

मुलगा बापाला बघून माणसाला मारायला शिकतो का? मला तरी तसं वाटत नाही. पिलं आईचं बघून काय टिपायचं ते शिकतात हे खरं. पण दुसरा कोंबडा वयात आला तेव्हा बाप जाऊन चार महिने झाले होते. त्याने पाहिलं असेल तर मला पळताना.

रक्त की वळण, घरच्या घरी कसं ओळखावं

सगळ्यात सोपी चाचणी माणूस बदलण्याची. त्याच वेळी, त्याच कपड्यांत, तीच बादली घेऊन दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. जाडजूड पँट आणि बूट घालून, आणि मागे न सरण्याची ताकीद देऊन. कोंबडा फक्त तुमच्यावर येत असेल तर तो शिकलेला धडा आहे आणि तो पुसता येतो. येईल त्या माणसावर, झाडूवर, चाकाच्या गाडीवर, कुत्र्यावर जात असेल, तर त्याची वातच आखूड आहे, म्हणजे तो जन्मतःच लवकर पेटणारा आहे. ती लांब करता येत नाही.

दुसरी चाचणी भावांची, आणि ती वेळखाऊ आहे. एकाच बापाची अंडी एकाच वेळी बसवा. निम्मी पिलं खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसलेल्या, कोंबडीखाली मोठ्या कळपात वाढू द्या, निम्मी ब्रूडरमध्ये, म्हणजे आईविना उबेच्या खोक्यात. दोन्हीकडचे नर नऊ महिन्यांपर्यंत बघा. दोन्हीकडे मारके निघाले तर बापाकडे किंवा आयांकडे बोट दाखवा. ब्रूडरवालेच बिघडले तर स्वतःकडे. चार-सहा पोरांवरून शपथ घेता येणार नाही, पण अंदाज येतो.

इथे एक खाचखळगा आहे, ज्यात मी स्वतः पडले. कोंबडा काढला की दुसऱ्या दिवसापासूनची अंडी नव्या कोंबड्याची, असं नसतं. कोंबडी नराचं बीज अंडनलिकेतल्या बारीक नळ्यांत साठवून ठेवते आणि दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, त्यावर फलित अंडी देत राहते. मी कोंबडा बदलल्यावर आठ दिवसांनी अंडी बसवली होती. नव्याची म्हणून वाढवलेल्या पिलांत जुन्याची किती होती, देव जाणे. बदलल्यावर निदान तीन आठवडे, शक्यतो चार, जाऊ द्या आणि मगच अंडी बसवा.

समोरच्या कोंबड्याचं काय करायचं

घरात लहान मूल असेल तर सुधारायच्या फंदात पडायचं नाही. कोंबड्याला वेगळ्या जाळीत ठेवा किंवा काढून टाका. मुलाचा चेहरा कोंबड्याच्या उडीच्या उंचीवर असतो आणि डोळा एकदाच फुटतो. मोठ्यांनीही हसण्यावारी नेऊ नये. २०१९ साली ऑस्ट्रेलियातली एक घटना वैद्यकीय नियतकालिकात छापून आली: अंडी गोळा करणाऱ्या वयस्कर बाईंच्या पायावर कोंबड्याने चोच मारली, ती फुगलेल्या शिरेवर बसली आणि रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. काट्याची जखम दिसायला लहान आणि आत खोल असते, शिवाय खुराड्यातली माती धनुर्वाताच्या जंतूंची जागा. साबण-पाण्याने बराच वेळ धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते डॉक्टरांना सांगा.

हा धोका नसेल तर माझ्याकडे जे चाललं ते असं. आधी प्रसंगच मोडला. पाण्याचं भांडं दाराजवळ आणलं, म्हणजे चिंचोळ्या जागेतून बादली न्यायलाच नको. नऊतले सात हल्ले जागेनेच गेले. मग जाड बूट घातले, हातात ढोपरापासून घोट्यापर्यंत येईल एवढा प्लायचा तुकडा घेतला आणि रोज दोनदा काही काम नसताना आत गेले. तो आला की प्लाय मधे. मारायचं नाही, ढकलायचं नाही, मागेही जायचं नाही. तो उडी मारतो, लाकडावर आपटतो, पुन्हा मारतो. पहिल्या दिवशी मोजल्या तेरा उड्या. माझे पाय लटपटत होते, पण ते त्याला दिसत नव्हते. शेवटी तो वळला आणि मी दोन पावलं त्याच्या दिशेने सावकाश गेले, एवढंच. तो उभा असलेल्या जागी मी उभी राहायचं आणि तो बाजूला व्हायचा, हा कळपातला साधा नियम आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी उड्या तीन-चारवर आल्या, तिसऱ्या आठवड्यात नुसती पिसं फुलवणं उरलं. या काळात घरातलं कुणीही एकदाही पळालं तर मेहनत पाण्यात जाते, कारण अधूनमधून मिळणारा विजय पुसायला सगळ्यात अवघड.

कोंबडा काखेत घेऊन अर्धा तास फिरवा, असंही खूप जण सांगतात. नुकतंच पंख पाडायला लागलेल्या पोरावर ते चालतं. काटा मारण्यापर्यंत गेलेल्या कोंबड्याला मी तसं उचलणार नाही; तोंड जवळ येतं.

काट्याचं टोक बोथट करणं मात्र आजच करा. बाहेरचं आवरण नखासारखं असतं, आत जिवंत हाड. फक्त टोक कानशीने घासायचं, मुळाकडे जायचं नाही. स्वभाव बदलत नाही, जखम लहान होते.

कळपातली गर्दी आणि नर-माद्यांचं प्रमाण यांची शहानिशा एका ओळीत होते: एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्यात आणि नजरेआड व्हायला आडोसा असावा.

तीन आठवडे नीट करूनही उड्या कमी झाल्या नाहीत, किंवा तो सगळ्यांवरच येत राहिला, तर वात आखूड आहे असं समजा आणि हट्ट सोडा.

पुढच्या पैदाशीचं काय

समोरचा कोंबडा सुधारला तरी त्याची अंडी बसवू नका. तुम्ही त्याचं वळण बदललं आहे. पोरांत वळण जात नाही, वात जाते. या एका वाक्यावर माझे दोघा-तिघांशी वाद झाले आहेत. इतका शहाणा झालेला कोंबडा वाया का घालवायचा, असं त्यांना वाटतं.

चार महिन्यांच्या पोरांतून पुढचा कोंबडा निवडण्याची सवयही सोडावी लागते. त्या वयात सगळ्यात उठून दिसतो तो धीट, हाताशी येणारा, भांड्यापाशी पहिला पोचणारा. मी तिन्ही वेळा त्यालाच निवडलं. आता दोन-तीन पोरं वेगळ्या जाळीत नऊ महिन्यांपर्यंत ठेवते, म्हणजे दिवस मोठे असण्याचा एक काळ त्यांच्या अंगावरून जातो. त्यानंतर जो माणूस आला की दोन हात लांब सरकतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो, तो ठेवायचा. पळत सुटणारा नको, जवळ येणारा तर नकोच. नर पिलांना हातातून खाऊ घालणं बंद. माद्यांचे लाड हवे तेवढे करा.

आणि आईचं नाव लिहा. करडीची अंडी मी आता बसवत नाही.

सध्याचा कोंबडा दहा महिन्यांचा आहे, खुडूक कोंबडीखाली वाढलेला. परवा दाराशी त्याने एक पंख पाडला आणि माझ्या बुटाभोवती अर्धा फेरा घेतला. मी बादली हातातच ठेवली आणि होते तिथे उभी राहिले. त्याने जमिनीवर उगाच एकदा चोच मारली, मान झटकली आणि कोंबड्यांकडे निघून गेला. तारीख वहीत टाकली आहे, पुढचं पान मोकळं ठेवून.